हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात घडणारं पाणी: एका जलराशीचं प्रकरण

फेब्रुवारीत अरबी समुद्राच्या उत्तर भागात, साधारण 20 अंश उत्तर अक्षांशाजवळ, जहाजावरून सीटीडी तारेने खाली सोडलं की पडद्यावर बराच वेळ एक सरळ उभी रेघ उमटत राहते. हे उपकरण खाली उतरता उतरता पाण्याचं तापमान, क्षारता आणि दाब सतत मोजत असतं. पृष्ठभागावर तापमान 24-25 अंश सेल्सिअस. वीस मीटरवर तेवढंच, साठ मीटरवरही जवळजवळ तेवढंच. क्षारता दर हजारी 36 च्या वर, आणि तीही वरपासून खालपर्यंत एकसारखी. शंभर मीटरच्या आसपास रेघ एकदम मोडते आणि तापमान झपाट्याने उतरू लागतं.

10 अंश उत्तरेजवळ तेच उपकरण सोडलं तर आलेख वेगळा निघतो. वरचं पाणी 28 अंशांच्या आसपास आणि तुलनेने कमी खारट असतं. थोडं खाली गेलं की मात्र क्षारता वाढते, एका खोलीवर कमाल गाठते आणि पुन्हा घटत जाते. आलेखाच्या उजव्या अंगाला आलेला हा फुगवटा म्हणजे उत्तरेत कधी काळी पृष्ठभागावर घडलेलं पाणी. ते शेकडो किलोमीटर दक्षिणेला, पृष्ठभागाखालून येऊन पोचलेलं असतं. समुद्रविज्ञानात याला अरबी समुद्राची अतिक्षारीय जलराशी म्हणतात. उत्तर हिंदी महासागरातल्या अशा क्षारता-कमालींची पद्धतशीर नोंद रॉचफर्ड यांनी 1964 मध्ये केली. ही जलराशी कशी घडते आणि कुठे पसरते, याचा सविस्तर अभ्यास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. प्रसन्न कुमार आणि टी. जी. प्रसाद यांनी 1999 मध्ये मांडला. त्यांनी दिलेली तिची ओळख अशी: तापमान 24 ते 28 अंश, क्षारता 35.3 ते 36.7, आणि घनता दर घनमीटर सुमारे 1024 किलो.

जलराशी म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या हवेखाली घडलेलं आणि तो शिक्का घेऊन दूरवर जाणारं पाणी. ही अरबी समुद्रातली जलराशी अभ्यासाला फार चांगली आहे, कारण तिच्यात हवेचा वाटा आणि समुद्राचा वाटा वेगवेगळा करून पाहता येतो. पाठ्यपुस्तकांत सहसा ‘थंड कोरडे वारे वाहतात, बाष्पीभवन होतं, पाणी खारट व जड होऊन बुडतं’ असं एका दमात लिहिलेलं असतं. वाक्य चुकीचं नाही, पण त्यात कार्यकारणाचा क्रम हरवतो. मीठ आणि थंडी ही दोन कामं वेगवेगळ्या वेळी होतात, आणि हे प्रकरण समजून घ्यायचं तर आधी ती सुटी करावी लागतात.

मीठ आधी साठतं

अरबी समुद्रावरून वर्षभरात जेवढं पाणी वाफ होऊन जातं तेवढं पाऊस आणि नद्या मिळून परत येत नाही. ही तूट ढोबळ मानाने वर्षाला मीटरभराच्या घरात आहे. उत्तरेला मकरान आणि सिंधचा कोरडा किनारा, पश्चिमेला ओमान आणि येमेन. या बाजूंनी येणारी मोठी म्हणावी अशी नदी एकच, सिंधू, आणि तिचंही बरंचसं पाणी धरणं-कालव्यांत अडतं.

कोकणातल्या माणसाला हे पटायला जड जातं, आणि त्याची शंका रास्त आहे. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस पडतो, ओढे-नद्या दुथडी भरून वाहतात, मग समुद्र खारट कसा होत जातो? पण हा पाऊस वारा सह्याद्रीला जिथे अडतो त्या चिंचोळ्या पट्टीत पडतो. भर समुद्रात, विशेषतः 15 अंशांच्या उत्तरेला आणि पश्चिमेकडे, पाऊस फारच कमी. शिवाय सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेलं सगळं पाणी अरबी समुद्राला मिळतही नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. कृष्णा महाबळेश्वरला, तिथून समुद्र त्याहूनही जवळ. दोघीही पाठ फिरवून अख्खं दख्खन ओलांडतात आणि बंगालच्या उपसागराला मिळतात. या समुद्राच्या पाण्याच्या जमाखर्चात ही फार मोठी गोष्ट आहे.

तेव्हा नोव्हेंबर उजाडतो तेव्हा उत्तर अरबी समुद्राचा वरचा थर आधीच खारट असतो. हे एका हिवाळ्याचं काम नाही. पण पाणी खारट असूनही अजून कोमट आणि म्हणून हलकं असतं. 36.5 क्षारतेचं पाणी 28 अंशांना दर घनमीटर साधारण 1023.5 किलो भरतं. त्याची बुडायची तयारी पुरी झालेली असते, फक्त उष्णता निघून जायची बाकी असते.

मग हवा कामाला लागते

नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी वारे वाहतात. ते जमिनीवरून येतात, म्हणून कोरडे असतात, आणि उत्तरेकडे थंडही. वेग मध्यम, आकाश बहुधा निरभ्र. वादळ नाही, काळे ढग नाहीत. समुद्रावर उभं राहिलं तर एवढ्या मोठ्या उलथापालथीचा ऋतू चालू आहे असं वाटणारही नाही.

पण कोरडी हवा पाणी उचलते. प्रत्येक किलो पाणी वाफ होताना सुमारे 24 लाख ज्यूल अप्रकट उष्मा सोबत नेतं, आणि तो उष्मा समुद्राच्या अंगातून जातो. माठातलं पाणी कोरड्या हवेत गार होतं आणि पावसाळ्यात तसंच राहतं, त्यामागेही हेच कारण आहे. रात्री ऊन नसतं, त्यामुळे पृष्ठभागाचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली उतरतं. त्याच्या जागी खालचं, किंचित कोमट पाणी वर येतं, तेही गार होतं. दिवसा ऊन वरच्या भागाला पुन्हा थोडं तापवतं आणि मिसळण उथळ करतं. पुढच्या रात्री पुन्हा तेच, आणि काल जिथवर पोचलं होतं त्याच्या थोडं खाली. थर असा रात्रीगणिक खणत जातो. आरंभी सांगितलेली सरळ रेघ ही आठवडेच्या आठवडे चाललेल्या या अभिसरणाची खूण आहे.

या ठिकाणी एक छोटं गणित करून पाहायला हवं. 80 मीटर खोल, 36 क्षारतेचा थर घ्या आणि त्यातून 1 मिलिमीटर पाणी वाफ होऊ द्या. क्षारता वाढते सुमारे 0.00045, आणि त्यामुळे घनता वाढते दर घनमीटर सुमारे 0.00034 किलो. त्याच मिलिमीटरने नेलेल्या उष्णतेमुळे थर सुमारे 0.0075 अंशांनी गार होतो, आणि त्यामुळे घनता वाढते सुमारे 0.0023 किलो. म्हणजे तेच बाष्पीभवन पाणी गार करून त्याला जवळजवळ सातपट जास्त जड करतं. खारट करून होणारी वाढ त्यापुढे किरकोळ ठरते. ऊन यातली बरीच उष्णता दिवसा परत भरतं, त्यामुळे प्रत्यक्षातली निव्वळ थंडी कमी भरते. पण हिवाळ्यातल्या बाष्पीभवनाचं मुख्य काम गार करण्याचं आहे, मीठ वाढवण्याचं नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट होतं. जलराशीच्या नावात मीठ आहे, तिला खाली धाडते मात्र थंडी.

36.5 क्षारतेचं पाणी 28 अंशांवरून 24 अंशांवर आलं की 1023.5 किलोवरून साधारण 1024.8 किलोवर जातं. फरक सव्वा किलोचा. कानाला किरकोळ वाटतो, पण वरच्या शंभर मीटरमध्ये थर मोडायला तेवढा पुरतो.

जोराचा वारा का पुरत नाही

यावर सहज मनात येणारा आक्षेप असा की पाणी घुसळायला वारा लागतो, आणि अरबी समुद्रावर खरा वारा तर जून ते ऑगस्टमध्ये असतो. मग ही जलराशी पावसाळ्यात का घडत नाही?

या प्रश्नाचं फार स्पष्ट उत्तर 1994-95 मध्ये मिळालं. त्या वर्षी ऑक्टोबरपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत अमेरिकी संशोधक रॉबर्ट वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15.5 अंश उत्तर, 61.5 अंश पूर्व इथे नांगरलेला बॉय (उपकरणं बसवलेला तरंगता बोया) ठेवला होता. म्हणजे थेट पणजीच्या अक्षांशावर, पण पश्चिमेला सुमारे 1,300 किलोमीटर आत समुद्रात. वारा, आर्द्रता, ऊन, पाण्याचं तापमान आणि क्षारता यांच्या वर्षभराच्या सलग नोंदी त्यातून मिळाल्या. हिवाळ्यात मध्यम वाऱ्याखाली समुद्र उष्णता गमावत होता आणि मिश्र थर, म्हणजे वरचा एकसारखा मिसळलेला थर, सुमारे 100 मीटरपर्यंत खोल गेला. पावसाळ्यात वारा कितीतरी जोराचा होता, थर सुमारे 80 मीटरपर्यंत गेला, पण त्या काळात समुद्र एकूण उष्णता मिळवत होता. हवा दमट असल्याने एवढ्या वाऱ्यातही बाष्पीभवनाला मर्यादा पडत होती.

दोन्ही वेळा थर खोल गेला, पण कारण वेगळं, म्हणून परिणामही वेगळा. पावसाळ्यात वारा पाण्याला जोराने ढवळतो. खालचं गार पाणी वर मिसळल्यामुळे तापमान बदलतं, पण पाण्यातून उष्णता हवेत निघून जात नाही. हिवाळ्यात ती खरोखर निघून जाते, आणि पाणी पृष्ठभागावरच आधीपेक्षा जड बनतं. नवी जलराशी घडायला दुसरा प्रकार लागतो. मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच वाटते, कारण वाऱ्याचा वेग डोळ्यांना दिसतो आणि आर्द्रता दिसत नाही. आपण दिसणाऱ्या गोष्टीला जास्त श्रेय देतो.

त्याच सुमारास, 1994 ते 1996 या काळात, सागर कन्या या संशोधन नौकेवरून भारतीय शास्त्रज्ञ 64 अंश पूर्व रेखांशाच्या आसपास वेगवेगळ्या ऋतूंत मोजमापं घेत होते. एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की हिवाळ्यातलं हे अभिसरण खालची पोषकद्रव्यं वर आणतं, आणि त्यावर वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात. ईशान्य अरबी समुद्र हिवाळ्यात उपाशी असावा अशी समजूत होती. प्राणिप्लवक मात्र तिथे वर्षभर भरपूर सापडत. त्या कोड्याचा एक मोठा दुवा असा जुळला. वाफ होऊन गेलेल्या पाण्याचा हिशेब थेट मासळीच्या अन्नापर्यंत पोचतो.

बंगालच्या उपसागराशी ताळा

कारणांचा खरा कस लागतो तो तुलनेत. बंगालचा उपसागर त्याच अक्षांशांवर आहे. त्यावरही हिवाळ्यात ईशान्येकडून, जमिनीवरून, कोरडे वारे येतात. उत्तरेकडचं पाणी तिथेही गार होतं. पण तिथे अशी जलराशी घडत नाही.

कारण पाण्यातच आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा आणि वर मुबलक पाऊस. उत्तर उपसागरात पृष्ठभागाची क्षारता दर हजारी 33 किंवा त्याहूनही खाली असते. आता हिशेब करा. अरबी समुद्रातलं 36.5 क्षारतेचं, 25 अंशांचं पाणी जेवढं जड असतं, तेवढं जड व्हायला 33 क्षारतेच्या पाण्याला जवळपास 15 अंशांपर्यंत गार व्हावं लागेल. उष्ण कटिबंधातल्या उघड्या समुद्रात हे होणं नाही. त्यामुळे उपसागराचा वरचा गोडसर थर गार झाला तरी वरच तरंगत राहतो. कित्येकदा तो खालच्या थरापेक्षा चक्क गार असतो आणि तरी बुडत नाही, कारण कमी मिठामुळे तो हलकाच आहे. तापमान खाली जाताना वाढतं, असं उलटं चित्र तिथल्या हिवाळी आलेखांत नेहमी दिसतं.

दोन समुद्र, ऋतू एक, वाऱ्याची जात एक, आणि निकाल अगदी भिन्न. म्हणून ‘वातावरण जलराशी घडवतं’ एवढं म्हणून भागत नाही. हवा त्या हिवाळ्याचा धक्का देते. तो धक्का लागू पडेल की नाही हे समुद्राने आधीची कितीतरी वर्षं काय साठवलं त्यावर ठरतं.

ती फार खोल का जात नाही

उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यात बुडालेलं पाणी हजारो मीटर खाली जातं. आपली ही जलराशी शंभर मीटरच्या आसपास थांबते, कारण अरबी समुद्र 25 अंशांजवळच आशिया खंडाला धडकून संपतो. ध्रुवाकडची कडक थंडी त्याच्या वाट्याला येतच नाही. 36.5 क्षारतेच्या पाण्याला खोल समुद्रातल्या पाण्याइतकं जड व्हायला जवळजवळ 12 अंशांपर्यंत उतरावं लागेल. ते 24 वर थांबतं. तिच्याखाली पर्शियन आखातातून आणि तांबड्या समुद्रातून आलेल्या अधिक जड खारट जलराशी असतात, आणि त्याच खोलीवर, साधारण दीडशे ते हजार मीटरमध्ये, अरबी समुद्राचा प्रसिद्ध ऑक्सिजनशून्यतेकडे झुकलेला पट्टा. नुकतंच हवेला भिडून आलेलं हिवाळी पाणी या पट्ट्याच्या माथ्यापर्यंतच ताजा ऑक्सिजन पोचवतं.

झाकण बसतं आणि पाणी निघतं

जलराशीचं घडणं फेब्रुवारीत संपत नाही. मार्च-एप्रिलमध्ये वारा पडतो, ऊन कडक होतं, आणि पृष्ठभागाचे वीस-तीस मीटर तापून हलके होतात. हिवाळ्यात घडलेलं पाणी या गरम झाकणाखाली बंद होतं. आता त्याचा हवेशी संबंध तुटला, म्हणून त्याने उचललेली क्षारता आणि तापमान फारसं न बदलता त्याच्यासोबत जातं. मग ते आपल्या घनतेच्या पातळीवरून हळूहळू दक्षिणेकडे उतरत जातं.

वाट मात्र सगळीकडून मोकळी नसते. हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, तोही वाऱ्याच्या विरुद्ध. सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर 1987 ते जानेवारी 1988 मधल्या मोजमापांवरून हा प्रवाह नीट दाखवला. तो श्रीलंकेला वळसा घालून आलेलं बंगालच्या उपसागराचं कमी खारट पाणी सोबत आणतो. त्यामुळे किनाऱ्यालगत अतिक्षारीय पाण्याला दक्षिणेकडे सरकता येत नाही. त्याचा मुख्य प्रसार किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या मध्य भागातून होतो. मुंबई-रत्नागिरीसमोरच्या पाण्यात हिवाळ्यात दोन्ही समुद्रांची सरमिसळ असते, हे कित्येकांना ठाऊक नसतं.

पावसाळ्यात उलट देवघेव होते. तेव्हा श्रीलंकेच्या दक्षिणेकडून पूर्वेला वाहणारा प्रवाह अरबी समुद्राचं खारट पाणी बंगालच्या उपसागरात पृष्ठभागाखालून ढकलतो. नद्या आणि पाऊस मिळून उपसागराला सतत गोड करत असूनही त्याची क्षारता ढासळत नाही, यात या पाण्याचा मोठा हात आहे. पी. एन. विनयचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हे मांडलं.

आता काय बदलतंय

या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या शेवटी हिरव्या नॉक्टिल्युका या सूक्ष्म प्लवकाची दाट वाढ वारंवार दिसू लागली. हेल्गा गोम्स, जोआकिम गोज आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं स्पष्टीकरण असं: हिमालय-तिबेटकडचं बर्फ घटल्याने हिवाळी वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत, त्यामुळे अभिसरण कमजोर झालं, थर उथळ राहिला, पोषकद्रव्यं कमी वर आली, आणि अशा परिस्थितीत तग धरणाऱ्या नॉक्टिल्युकाचं फावलं. या वाढीत कमी ऑक्सिजनच्या पाण्याचा हात किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत. माझ्या मते बर्फापासून प्लवकापर्यंतची साखळी शक्य आहे, पण तिची मधली कडी, म्हणजे हवेने समुद्रातून नेमकी किती उष्णता नेली, ती सर्वांत कच्ची आहे.

कच्ची असण्याचं कारण तांत्रिक आहे. आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप बुडून वर येणारी मोजयंत्रं, दर दहा दिवसांनी 2,000 मीटरपर्यंतचं तापमान आणि क्षारता देतात, त्यामुळे घडलेलं पाणी आज चांगलं दिसतं. पण ते घडवणारी हवा फ्लोटला दिसत नाही. सेकंदाला 6 मीटर वाऱ्यात हवेतल्या बाष्पाच्या अंदाजात किलोमागे फक्त 1 ग्रॅमची चूक झाली तर अप्रकट उष्म्याच्या हिशेबात दर चौरस मीटर सुमारे 20 वॅटची चूक होते. ही चूक आठवडेच्या आठवडे एकाच बाजूला राहिली, तर थर किती गार झाला आणि कुठवर खणला गेला याचं उत्तरच बदलतं. म्हणून वाऱ्याच्या वेगाइतकीच काळजी घेऊन पृष्ठभागालगतची आर्द्रता सलग मोजणारे बॉय 20 अंशांच्या उत्तरेला असावेत, आणि ते एक-दोन हिवाळे टिकून भागणार नाही. बर्फ, वारा आणि थर यांचं नातं तपासायचं तर किमान दशकभराची अखंड नोंद हातात हवी.